लोथल : अवशेष, स्थळसंग्रहालय आणि अनिर्णित प्रश्न – एक समीक्षा

प्रस्तावना

प्राचीन स्थळाला भेट देणारा अभ्यासक तेथे दोन ठिकाणे पाहतो. एक म्हणजे प्रत्यक्ष उत्खननाची जागा आणि दुसरे म्हणजे तिच्या शेजारचे संग्रहालय. उत्खननाच्या जागेवर भिंती, पाये व गटारे उरतात. त्यांत सापडलेल्या वस्तू तेथून उचललेल्या असतात. संग्रहालयात त्या वस्तू असतात, मात्र त्या ज्या थरातून व ज्या खोलीतून आल्या तो संदर्भ सुटलेला असतो. हा सुटलेला संदर्भ पाहणाऱ्याला पुन्हा जोडून देता यावा, याच हेतूने वस्तू दूरच्या शहरात न नेता स्थळाजवळच ठेवण्याची प्रथा आपल्याकडे सुरू झाली. सारनाथ येथे १९१० साली उभे राहिलेले संग्रहालय हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे सर्वांत जुने स्थळसंग्रहालय होय. त्यामुळे स्थळसंग्रहालयाचे मूल्यमापन करताना त्यात किती वस्तू आहेत, यापेक्षा त्या वस्तूंपासून निष्कर्षापर्यंतची वाट ते पाहणाऱ्याला दाखवते काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात गुजरातमधील लोथल हे हडप्पाकालीन स्थळ व तेथील संग्रहालय यांची या दृष्टीने समीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. लोथलची निवड करण्यास दोन कारणे आहेत. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सिंधू संस्कृतीचे स्थळ प्रत्यक्ष दाखवायचे झाल्यास लोथल हे आवाक्यातील ठिकाण आहे. दुसरे कारण असे की, या स्थळाच्या मुख्य अवशेषाविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला असून त्या वादाचे प्रतिबिंब तेथील मांडणीत कितपत पडले आहे, हे पाहणे उद्बोधक आहे.

स्थळाची पार्श्वभूमी

१९४७ च्या फाळणीने मोहेंजोदडो व हडप्पा ही दोन्ही प्रमुख नगरे पाकिस्तानात गेली. भारतीय हद्दीत या संस्कृतीचा शोध घेणे ही त्यानंतर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची तातडीची गरज बनली. या शोधमोहिमेत शि. रं. राव यांना १९५४ साली अहमदाबाद जिल्ह्यातील धोळका तालुक्यात, सरगवाला गावाजवळ, लोथलचे टेकाड आढळले. ‘मृतांचे टेकाड’ असा या गुजराती नावाचा अर्थ सांगितला जातो. मोहेंजोदडो या सिंधी नावाचाही अर्थ तोच आहे. १९५५ पासून पुढे काही वर्षे येथे उत्खनन झाले. इ. स. पू. २४०० च्या सुमारास भरभराटीस आलेली ही वसाहत इ. स. पू. १९०० नंतर उतरती कळा लागूनही काही काळ टिकून होती, असे सामान्यतः मानले जाते.

वसाहतीच्या पूर्वेस भाजलेल्या विटांनी बांधलेले एक प्रचंड आयताकृती कुंड सापडले. त्याची लांबी सुमारे २१५ मीटर आणि रुंदी सुमारे ३६ मीटर आहे. पाणी आत येण्यासाठी वाट, दक्षिणेकडील भिंतीत जादा पाणी सोडण्यासाठी सांडवा आणि वसाहतीच्या बाजूस कच्च्या विटांचा लांबलचक ओटा अशी त्याची रचना आहे. राव यांनी हे कुंड म्हणजे जहाजांची गोदी होय, असे प्रतिपादन केले. त्यांच्या उत्खनन-अहवालाच्या शीर्षकातच लोथलला बंदराचे नगर म्हटले आहे. या अहवालाचा पहिला खंड १९७९ मध्ये व दुसरा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

फलकांची भाषा

स्थळावर हिंडताना पाहणाऱ्याला मार्ग दाखवतात ते फलक. गोदी, वखार, बालेकिल्ला, खालचे नगर, मण्यांचा कारखाना अशी नावे या अवशेषांना रूढ झाली आहेत. ही नावे वर्णनपर वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक नाव हा एक निष्कर्ष आहे. डोळ्यांना दिसते ते एक विटांचे कुंड; ‘गोदी’ हे त्याचे स्पष्टीकरण होय. डोळ्यांना दिसतात ते उंच ओट्यावरील कच्च्या विटांचे ठोकळे. ‘वखार’ हे अनुमान होय. इंग्रजी फलकावरील ‘अक्रोपोलिस’ ही संज्ञा तर ग्रीक नगररचनेतून उचललेली असून ती आपल्याबरोबर राजसत्ता, देवालय व तटबंदी यांच्या कल्पना घेऊन येते.

‘गोदी’ या शब्दाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. मुंबईची किंवा माझगावची गोदी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर या शब्दासरशी उंच डोलकाठ्या, धक्का, हमाल आणि दुरुस्तीसाठी आत घेतलेली जहाजे उभी राहतात. लोथलच्या कोरड्या वा पावसाच्या पाण्याने भरलेल्या कुंडावर हे चित्र तो नकळत बसवतो. एका शब्दाने केलेली ही कामगिरी आहे. फलकावर प्रथम अवशेषाचे वर्णन, मग त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आणि ते कोणी, कोणत्या आधारावर मांडले, एवढी तीन वाक्ये असती, तर पाहणारा निरीक्षण व अनुमान यांतील फरक त्याच जागी शिकला असता.

कुंडाविषयीचा वाद

१९६८ साली लॉरेन्स लेश्निक यांनी गोदीच्या सिद्धांताला उघड आव्हान दिले. हे कुंड पिण्याच्या व शेतीच्या पाण्याचा साठा करणारा तलाव असावा, असे त्यांचे मत होते. भारतात बांधीव तलावांची परंपरा मोठी आहे. त्यामुळे जवळचे स्पष्टीकरण सोडून दूरचे का स्वीकारावे, असा या मताचा रोख आहे. कुंडात मिळालेले छिद्रे पाडलेले दगड राव यांना जहाजांचे नांगर वाटले. अशा दगडांचा वजन म्हणून अन्यत्रही उपयोग होऊ शकतो, असा आक्षेप घेतला गेला.

वाद पुढे प्रयोगशाळेत गेला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील राजीव निगम यांनी कुंडातील गाळाची तपासणी केली. त्यात फोरामिनिफेरा या सागरी सूक्ष्मजीवांचे अवशेष आढळले आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने कुंडात खारे पाणी येत असल्याच्या बाजूने पुरावा दिला. २०२४ साली गांधीनगर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जुने नकाशे व उपग्रहचित्रे यांच्या आधारे साबरमतीचे एक लुप्त पात्र लोथलजवळून जात असल्याचे दाखवले. या दोन्ही अभ्यासांनी राव यांच्या बाजूचे पारडे जड झाले आहे, हे मान्य केले पाहिजे.

तथापि, या पुराव्यांची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. सागरी सूक्ष्मजीवांचे अवशेष कुंडात समुद्राचे पाणी पोहोचले एवढे सिद्ध करतात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर देशात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. अशा प्रदेशात भरतीचे पाणी खाड्यांमधून दूरवर चढते. नदीचे पात्र जवळ होते म्हणजे नौका लोथलपर्यंत येऊ शकत होत्या. त्या नौका नदीकाठी थांबत की कुंडात शिरत, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. धोलावीरा येथे १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या उत्खननात हडप्पाकालीन लोकांनी बांधलेले विशाल जलाशय उजेडात आले. त्यामुळे हे लोक मोठे तलाव बांधत होते काय, ही शंका उरली नाही. त्याच वेळी धोलावीराच्या पूर्वेकडील जलाशयात उतरण्यास पायऱ्या आहेत आणि लोथलच्या कुंडाच्या भिंती सरळ उभ्या आहेत, हा फरकही तुलनेतूनच स्पष्ट होतो. एकाच अवशेषाविषयी दोन्ही बाजूंनी असे सबळ मुद्दे निघावेत, ही अध्यापनाच्या दृष्टीने दुर्मीळ संधी आहे.

संग्रहालयाची मांडणी

लोथलचे संग्रहालय १९७६ साली सुरू झाले. या तारखेला समीक्षेच्या दृष्टीने महत्त्व आहे. लेश्निक यांचा लेख प्रसिद्ध होऊन त्या वेळी आठ वर्षे उलटली होती. त्याच वर्षी ग्रेगरी पोसेल यांनी लोथलकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी मांडली. त्यांच्या मते लोथल ही हडप्पा संस्कृतीच्या सीमेवरील प्रवेशद्वारासारखी वसाहत होती. आसपासच्या शिकारी व अन्नसंकलक समूहांकडून कच्चा माल मिळवून तो संस्कृतीच्या अंतर्भागाकडे पाठवणे हे तिचे कार्य होते. उलटपक्षी, उत्खननाच्या अंतिम अहवालाचा पहिला खंड यायला अद्याप तीन वर्षे होती. म्हणजेच संपूर्ण पुरावा विद्वानांपुढे येण्यापूर्वी निष्कर्ष सामान्य पाहणाऱ्यांपुढे मांडून झाला होता.

उत्खननातून पाच हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. त्यांपैकी सुमारे ८०० प्रदर्शनासाठी निवडल्या गेल्या. प्रवेशाच्या दालनात चित्रकाराने कल्पिलेले लोथल नगराचे चित्र, नकाशे व परिचयपर मजकूर. एका दालनात मणी, अलंकार, मुद्रा व ठशांच्या प्रतिकृती, शंख, हस्तिदंत, तांबे व कासे यांच्या वस्तू. दुसऱ्या दालनात खेळाच्या सोंगट्या, मृण्मूर्ती, वजने, रंगीत मृत्पात्रे, जोड-दफनाची प्रतिकृती आणि मध्यभागी संपूर्ण स्थळाचा नमुना, अशी या संग्रहालयाची मांडणी होय.

या मांडणीचे गुण नाकारता येणार नाहीत. वस्तू स्वच्छ व सुरक्षित आहेत, दालने आटोपशीर आहेत आणि तासाभरात सर्व पाहून होते. हस्तिदंती मोजपट्टीसारखी वस्तू तर मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयात सहज दृष्टिआड झाली असती. तिच्यावर ४६ मिलिमीटर अंतरात २७ खुणा आहेत. म्हणजे दोन खुणांमधील अंतर पावणेदोन मिलिमीटरांच्या आसपास भरते. एवढी सूक्ष्म विभागणी करणारा समाज ती कशासाठी करत होता, हा विचार त्या इवल्याशा तुकड्यासमोर मनात येतो.

दोष आहे तो वर्गीकरणात. वस्तू पदार्थानुसार व प्रकारानुसार लावल्या आहेत. मणी मण्यांसोबत, वजने वजनांसोबत. कोणती वस्तू कोणत्या खोलीत, कोणत्या थरात व कशाच्या शेजारी मिळाली, हे या रचनेत दिसत नाही. पुरातत्त्वात वस्तूइतकेच तिचे स्थान बोलते, आणि संग्रहालयाने नेमके तेच मौनात ठेवले आहे. लोथल येथे मिळालेली इराणी आखाताच्या धर्तीची वर्तुळाकार संगजिऱ्याची मुद्रा हे याचे उत्तम उदाहरण होय. परदेशी व्यापाराचा पुरावा म्हणून तिचा उल्लेख सर्वत्र होतो. मात्र ती उत्खननाच्या थरात मिळालेली नाही, पृष्ठभागावर मिळालेली आहे. यामुळे तिचे मोल नाहीसे होत नाही, पण तिच्यावर किती भार टाकावा याचा विवेक करावा लागतो. तो करण्याची सोय पाहणाऱ्याला नाही.

प्रवेशदालनातील चित्राविषयीही हेच म्हणता येईल. ग्रंथकाराला ‘बहुधा’, ‘असावे’, ‘असे दिसते’ असे शब्दप्रयोग वापरता येतात. चित्रकाराला ती सोय नाही. तो घर काढतो तेव्हा त्याला छप्पर काढावेच लागते, मग उत्खननात छपराचा अवशेष मिळालेला असो वा नसो. अशा चित्रात कोणता भाग अवशेषांवर आधारलेला आहे व कोणता कल्पनेने भरलेला आहे, हे शेजारी लहानशा रेखाटनाने दाखवणे मुळीच अवघड नाही.

ठशांची पाठ

राव यांच्या व्यापारविषयक प्रतिपादनाचा सर्वांत भक्कम आधार कुंडात सापडत नाही. तो ‘वखार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत मिळतो. साडेतीन मीटरांच्या सुमारास उंच असलेल्या ओट्यावर कच्च्या विटांचे ठोकळे रचून ही इमारत उभारली होती. आगीत ती जळाली आणि त्या आगीत भाजल्यामुळे मातीचे सुमारे ६५ ठसे टिकून राहिले. या ठशांच्या दर्शनी बाजूवर मुद्रेचे चित्र व लिपी आहे. पाठीवर मात्र बोरू, चटई, विणलेले कापड आणि दोरीच्या गाठी यांचे वण उमटलेले आहेत. ओली माती गाठोड्याच्या दोरीवर थापून तिच्यावर मुद्रा उठवली गेली होती, हे त्या वणांवरून कळते. माल बांधला जात होता, बांधल्यावर त्यावर कोणाची तरी खूण केली जात होती, आणि तो माल या जागी होता, इतके सारे एका मातीच्या गोळ्याच्या दोन बाजूंवरून सिद्ध होते.

काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूची एकच बाजू समोर येते. हडप्पाकालीन लिपी अद्याप वाचली गेलेली नसल्याने तिचे कुतूहल स्वाभाविक आहे आणि पाहणाऱ्याची नजर चित्र व लिपी यांवरच खिळते. मात्र जी बाजू आज वाचता येते ती पाठीचीच आहे. ठशाखाली एक आरसा ठेवला, किंवा दोन प्रतिकृती उलटसुलट मांडल्या, तर लोथलविषयीचा सर्वांत स्पष्ट पुरावा शाळकरी मुलालाही समजेल. शिवाय हा पुरावा गोदीच्या वादावर अवलंबून नाही. कुंड गोदी असो वा तलाव, गाठोडी बांधली जात होती हे खरेच राहते.

मणिकार आणि मूळ रहिवासी

गोदीच्या प्रभावामुळे लोथलमधील आणखी दोन घटक मागे पडतात. त्यांपैकी पहिला मणिकारांचा. मध्यवर्ती अंगण, भोवती खोल्या आणि जवळच भट्टी अशा रचनेच्या एका कार्यशाळेत घडणीच्या वेगवेगळ्या अवस्थांतील शेकडो मणी मिळाले. ओबडधोबड खडा, तासलेला खडा, भोक पाडताना तुटलेला मणी आणि चकाकी दिलेला पूर्ण मणी, हा सारा क्रम तेथे उपलब्ध आहे. लाल अकीक तापवून त्याचा रंग खुलवण्याची व मणी घडवण्याची कारागिरी खंभातमध्ये आजही जिवंत असून तेथील कारागिरांच्या पद्धतींचा अभ्यास करून पुरातत्त्वज्ञांनी हडप्पाकालीन तंत्राचा उलगडा केला आहे. सुमारे चार हजार वर्षांच्या अंतराने एकाच प्रदेशात दिसणारी ही कारागिरी संग्रहालयाच्या केंद्रस्थानी असावयास हवी होती.

दुसरा घटक म्हणजे हडप्पाकालीन लोक येण्यापूर्वीपासून या परिसरात राहणारे लोक. त्यांची अभ्रकमिश्रित लाल खापरे लोथलच्या सर्वांत खालच्या थरांपासून आढळतात व पुढे हडप्पाकालीन मृत्पात्रांसोबतही ती चालू राहतात. नवागत व स्थानिक यांचे संबंध व्यापाराचे होते, वर्चस्वाचे होते की सहजीवनाचे, हा गंभीर प्रश्न आहे. डेक्कन महाविद्यालयाचे म. के. ढवळीकर यांनी गुजरातेतील हडप्पा वसाहतींचा विचार करताना १९९५ मध्ये सांस्कृतिक साम्राज्यवादाची संकल्पना वापरली. पोसेल यांच्या प्रवेशद्वाराच्या कल्पनेतही स्थानिक समूहांना महत्त्वाचे स्थान आहे. संग्रहालयात मात्र ही खापरे इतर मृत्पात्रांच्या रांगेत सामान्य भांडी म्हणून उभी राहतात. आपल्या आधी येथे कोण होते हे सांगणारा पुरावा त्यांत आहे, याची जाणीव पाहणाऱ्याला होत नाही.

नवे संकुल आणि जुना प्रश्न

या समीक्षेला आज विशेष निकड आहे. २०१४ साली लोथलचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लोथल येथील राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाच्या विकासास मान्यता दिली. त्या योजनेत अनेक दालनांचे संग्रहालय, दीपस्तंभ-संग्रहालय व प्राचीन लोथल नगराची प्रतिकृती यांचा समावेश आहे. या संकुलामुळे लोथलकडे लोकांचे लक्ष वेधले जाईल, परिसराला रोजगार मिळेल आणि भारताच्या सागरी परंपरेचे एकत्रित दर्शन घडेल, हे स्वागतार्ह आहे.

चिंता आहे ती प्रतिकृतीची. चित्रातील कल्पना कागदावर राहते. प्रतिकृतीतील कल्पनेतून माणूस चालत जातो. विटांनी बांधलेल्या प्रतिकृती-गोदीत पाणी व नौका दिसल्यावर शेजारच्या खऱ्या कुंडाविषयी प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचेल? २०२४ च्या संशोधनाने गोदीचा पक्ष बळकट केला असला, तरी तो बळकट झाला तोच मुळी कोणीतरी शंका घेतल्यामुळे. लेश्निक यांनी आक्षेप घेतला नसता तर गाळातील सूक्ष्मजीव तपासण्याची गरज कोणाला वाटली असती? ज्ञान वाढले ते या शंकेमुळे, आणि म्हणूनच शंकेला प्रदर्शनात जागा असली पाहिजे. उद्या राव यांचे मत निर्विवाद ठरले, तरीही पुरावा न दाखवता उत्तर सांगणारे संग्रहालय अध्यापनाच्या कसोटीवर उणेच राहील.

अध्यापकांची भूमिका

संग्रहालयाची मांडणी बदलणे आपल्या हाती नाही. तेथे विद्यार्थ्यांना कसे न्यावे, हे मात्र आहे. महाविद्यालयीन शैक्षणिक सहलींचे अहवाल पाहिल्यास त्यांत बहुधा फलकांवरील मजकूर जसाच्या तसा उतरलेला आढळतो. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देता येणार नाही. फलक जर उत्तरच देत असेल तर विद्यार्थी ते उतरवून घेणारच.

यासाठी क्रम उलटा करून पाहावा. विद्यार्थ्यांना प्रथम कुंडापाशी न्यावे आणि फलक वाचण्यापूर्वी दिसते तेवढेच लिहावयास सांगावे : भिंतीची वीट भाजलेली की कच्ची, पायऱ्या आहेत काय, पाणी कोठून येईल, कोठून जाईल. त्यानंतर राव व लेश्निक यांची मते थोडक्यात सांगून वर्गाचे दोन गट करावेत आणि प्रत्येकाने आपल्या पक्षासाठी संग्रहालयातून पुरावा शोधावा. शेवटी प्रत्येकाने कोणता पुरावा मिळाला तर आपण मत बदलू, हे एका वाक्यात लिहावे. या कामास इतिहासाचा अध्यापक एकटा पुरणार नाही. गाळ व नदीपात्र यांसाठी भूगोलाचा, सूक्ष्मजीवांसाठी प्राणिशास्त्राचा, वजने व मोजपट्टी यांसाठी गणिताचा अध्यापक सोबत असल्यास सहलीचे स्वरूपच पालटेल. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा आपण परिसंवादांतून पुष्कळ करतो. लोथलचे कुंड हा त्यासाठी तयार असलेला पाठ आहे.

समारोप

लोथलचे संग्रहालय वस्तूंचे जतन चोख करते. त्या वस्तूंमागील विचारप्रक्रियेचे दर्शन मात्र घडवत नाही, असा या समीक्षेचा निष्कर्ष आहे. फलकांची निश्चयात्मक भाषा, संदर्भ सोडून केलेले वर्गीकरण, कल्पनाचित्राला दिलेले अग्रस्थान आणि वादाविषयीचे मौन ही या उणिवेची चार कारणे होत. त्यांतील एकही कारण खर्चिक नाही. फलकावर दोन वाक्ये वाढवणे, ठशाची पाठ दाखवणे, स्थळाच्या नमुन्यावर वस्तूंची सापडण्याची ठिकाणे नोंदवणे आणि कुंडाविषयीची दोन्ही मते शेजारी शेजारी मांडणे, एवढ्याने मोठा फरक पडेल. नव्या संकुलाची दालने आकार घेत असताना या सूचनांचा विचार होणे शक्य आहे. तोवर विद्यार्थ्यांना कुंडाच्या काठावर उभे करून ‘हे काय असावे?’ एवढा प्रश्न विचारण्याचे आणि त्यांच्या उत्तरासाठी थांबण्याचे काम अध्यापकांनाच करावे लागेल.